बबडीचा पाहुणचार

अक्का शेळी घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा नियमकाकांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालाला साबण होता. अशा अवस्थेत माणसाला कोणतीही जबाबदारी नाकारता येत नाही. अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे निघाल्या होत्या. पंधरा दिवस. आणि पंधरा दिवस बबडी कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, सोडवून आणला होता.

"तिचं काही करत बसू नका हं, भाऊजी," अक्का म्हणाल्या. "गवत, पाला पुढ्यात टाका आणि पाणी ठेवा. दाणाबिणा काही नको. सवय नाही तिला."

नियमकाकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नियमकाकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली, आणि ती बावीस वर्षांपूर्वीची होती.

बावीस वर्षांपूर्वी अक्का भर दुपारी घरी आल्या होत्या आणि "मला काही नको गं, भूक नाही" असं म्हणाल्या होत्या. काकू तेव्हा माहेरी निरोप द्यायला बाहेर गेलेल्या. घरात एकटे नियमकाका. त्यांनी ते विधान शब्दशः घेतलं, नोंद घेतल्यासारखी मान हलवली आणि अक्कांना अर्धा कप चहा दिला. बस्स. त्यानंतर सगळ्या नात्यागोत्यात, बारशापासून तेराव्यापर्यंत जिथे म्हणून चार माणसं जमली तिथे, तो अर्धा कप पोचला होता. "भाऊजी माणूस चांगला हो," अक्का म्हणायच्या, "पण त्यांच्याकडे जाताना जेवून जावं." नियमकाकांनी आयुष्यात एका रुपयाची लाच घेतली नव्हती, एकदाही उशिरा ऑफिसला गेले नव्हते, पण माणसाची कीर्ती कशावर अडेल ते सांगता येत नाही. त्यांची अर्ध्या कपावर अडली होती.

तेव्हा अक्कांची रिक्षा वळणावरून दिसेनाशी होताच नियमकाका म्हणाले, "या वेळी चूक नाही."

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "म्हणे गवत टाका! माणसं असंच म्हणतात. आपण समजून घ्यायचं असतं."

इथे एक सांगायला हवं. नियमकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण कॉलनीत खरं नाव आता कुणाला आठवत नाही. तेहतीस वर्षं त्यांनी उद्यान खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. बागेतल्या "हिरवळीवर चालू नये" या पाटीत "कृपया" असावं की नसावं यावर त्यांनी साडेतीन पानांची टिप्पणी लिहिली होती. निवृत्तीनंतर ते कॉलनीचे सेक्रेटरी झाले. बबडी आली त्याच दिवशी त्यांनी कॉलनीत तात्पुरती शेळी ठेवण्याच्या परवानगीसाठी सेक्रेटरींना, म्हणजे स्वतःला, अर्ज केला. संध्याकाळी तो तपासला. दुसरी प्रत जोडलेली नव्हती म्हणून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा दिला तेव्हा कुठे बबडी मागच्या अंगणात कायदेशीररीत्या उभी राहिली.

पहिल्या दिवशी त्यांनी रीतसर बाजारातून गवताची पेंढी आणली. बबडीनं ती खाल्ली, मग एका कोपऱ्यात बसून डोळे अर्धवट मिटले आणि तासन्‌तास जबडा हलवत राहिली. सुखात होती बिचारी. पण काकूंना ते बघवेना.

"अहो, केव्हापासून नुसतं तोंड हलवतेय. पोट भरलं नसणार. तेच तेच चघळतेय."

वरच्या मजल्यावरचे व्यायामशिक्षक गॅलरीतून बघत होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. त्यांनी खाली येऊन बबडीच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या मोजल्या आणि निदान केलं.

"खुराक नाही. गवतात काय असतं? पाणी! दोन मुठी मका, दोन मुठी गहू, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांत अंगावर तेज येतं की नाही बघा. तुमच्या मेव्हणीबाई ओळखायच्या नाहीत."

"ओळखल्या पाहिजेत हो," नियमकाका जरा घाबरून म्हणाले. "शेळी परत द्यायची आहे."

पण कल्पना पटली. अक्का पंधरा दिवसांनी येणार, बबडीला बघणार, ती गुटगुटीत झालेली असणार आणि मग चारचौघांत सांगणार, "भाऊजींकडे माझ्या शेळीचं जे झालं ना, ते माझंही कधी कुणी केलं नाही." बावीस वर्षांचा डाग एका शेळीनं धुऊन निघणार होता. नियमकाकांनी त्याच दिवशी भिंतीवर आहाराचा तक्ता लावला. सकाळी गहू, दुपारी मका, संध्याकाळी दोन्ही. गवताच्या रकान्यात "आवश्यकतेनुसार" असं लिहिलं. सरकारी कागदावर "आवश्यकतेनुसार" लिहिलेली गोष्ट आजवर कुणी केलेली नाही, हे तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तरी माहीत असायला हवं होतं.

बबडीचं काय विचारता! मका दिसला की ती मागच्या दोन पायांवर उभी राहायची. नियमकाकांच्या चपलांचा आवाज ओळखायला लागली. घरात कुणी आपल्या येण्यानं इतकं आनंदी होतं याची काकांना सवय नव्हती. ते विनाकारण अंगणात चकरा मारू लागले. प्रत्येक चकरेला खिशात मूठभर काहीतरी असायचंच.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला हे कळलं. तो मनानं राजा माणूस. त्यानं परस्पर कालचा पाव आणून द्यायला सुरुवात केली. "गव्हाचाच तर आहे," तो म्हणायचा, "फक्त भाजलेला. पचायला हलका." तक्त्याबाहेरची गोष्ट म्हणून नियमकाकांनी ती स्वीकारायला नकार दिला. त्यामुळे बेकरीवाला तो दुपारी काकांच्या वामकुक्षीच्या वेळात देऊ लागला. त्याच वेळी व्यायामशिक्षक वरून मुठीमुठीनं मका टाकत होते, कारण त्यांच्या मते काकांची मूठ लहान होती. आणि काकू? काकू कुणालाच न सांगता शिळा भात कालवून घालत होत्या. पाहुण्याच्या पानात जास्तीचं वाढताना बाई नवऱ्याला विचारत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मागच्या गॅलरीत गव्हाचं पोतं उघडं राहिलं. कुणाकडून, यावर कॉलनीत अजून दोन मतं आहेत.

सहाव्या दिवशी सकाळी चपलांचा आवाज झाला आणि बबडी उठलीच नाही.

नियमकाकांनी खिशातला मका पुढे केला. तिनं तोंड फिरवलं. डावी कूस टम्म फुगली होती, डोळे मलूल, मान खाली. मधूनच दात खात होती. आणि जबडा बंद होता. पहिल्या दिवशी काकूंना जे चघळणं बघवलं नव्हतं ते बंद झालं होतं, आणि आता ते नसलेलं बघवत नव्हतं.

"अहो, अक्काला काय सांगू मी?" काकूंना रडूच फुटलं. "त्या घरात तिला दुसरं आहे कोण?"

हे मात्र खरं होतं. अक्कांचे यजमान गेल्याला सहा वर्षं झाली होती. लेक लांब. सकाळी उठल्यावर अक्का पहिलं बोलायच्या त्या बबडीशी, आणि रात्री दार लावताना शेवटचं बोलायच्या त्याही तिच्याशीच. नियमकाकांनी हातातला मका खिशात परत टाकला. अर्धा कप चहा एकवेळ विसरला जाईल. हे कोण विसरणार?

व्यायामशिक्षकांनी येऊन "चालवा तिला, घाम निघू द्या" असा सल्ला दिला. पण त्यांचाही आवाज आज शिट्टीशिवायचा होता. बेकरीवाल्यानं टेम्पो काढला. मागे बबडी, तिचं डोकं मांडीवर घेऊन नियमकाका, शेजारी शिक्षक आणि पुढे डोळे पुसत काकू, अशी वरात गुरांच्या दवाखान्यात पोचली.

तिथे खिडकीपाशी फॉर्म. जनावराचा प्रकार, वय, मालकाचे नाव, मालकाची सही.

"मी मालक नाही," नियमकाका म्हणाले.

"मग मालकाला बोलवा."

"त्या ऑपरेशनला गेल्यात."

खिडकीतला माणूस भला होता. "अहो, मग तुमचंच नाव टाका की. कोण बघतंय?"

"असं कसं? खोटी माहिती होईल. 'तात्पुरता ताबा' असा रकाना हवा होता. हा फॉर्मच मुळात सदोष आहे. मी सुचवीन की—"

"अहो!" काकू एवढंच म्हणाल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी अशा आवाजात हाक मारली नव्हती. नियमकाकांनी "मालक" या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली खोटी नोंद. पेन मात्र थांबलं नाही.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. त्यांनी बबडीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली, कान लावला, खूर बघितले आणि विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"तक्त्याप्रमाणे," नियमकाका म्हणाले, "चार मुठी गहू, चार मुठी मका."

"आणि?"

बेकरीवाला खाकरला. "थोडा पाव... म्हणजे रोज दोन-दोन. मोठे."

"माझ्या अंदाजानं आठ मुठी मका," शिक्षक छताकडे बघत म्हणाले. "वरून."

"भात," काकू पदराआडून म्हणाल्या.

नियमकाकांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आपण इतके दिवस एका गुप्त संघटनेच्या मध्यभागी राहत होतो हे त्यांना आत्ता समजत होतं. मग त्यांनाही आपल्या खिशाची आठवण झाली आणि रागवायचं राहून गेलं.

"आणि गवत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवशी," चौघंही एका सुरात म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नळी तयार करता करता समजावून सांगितलं. रागावून नव्हे, रोज तेच सांगावं लागणाऱ्या माणसाच्या शांतपणानं. "शेळीचं पोट म्हणजे चार खोल्यांचं घर. पहिली खोली सगळ्यात मोठी. तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. गवत खातात ते जीव. हळूहळू आंबवून शेळीच्या कामाचं करतात. शेळी तेच गवत परत तोंडात आणून चघळते, त्यानं लाळ सुटते, आणि ती लाळ पोटातलं आम्ल मारते. आता तुम्ही ओतलेत दाणे. दाणा भराभर आंबतो. आम्ल वाढतं. गवताचे जीव मरतात, आम्ल करणारे माजतात. वर चघळायला काही नाही, म्हणून लाळही नाही. म्हणजे घराला आग लावायची आणि नळही बंद करायचा."

"ॲसिडिटी," नियमकाका हळूच म्हणाले आणि खिशातली स्वतःची गोळ्यांची पट्टी चाचपली. "मलाही आहे."

"तुमचं एका खोलीवर भागतं, काका. हिची सगळी गृहस्थी त्या एका खोलीत आहे. जास्त झालं तर खुरांवर उतरतं, लंगडतात. त्याहून जास्त झालं तर जातात."

त्यांनी सोडा विरघळवून नळीनं पोटात घातला, सुई टोचली. "सोडा म्हणालात? माझ्याकडे बेकरीत पोतंभर आहे!" बेकरीवाला उजळून म्हणाला. "तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला यापुढे काहीही देऊ नका."

मग नियमकाकांकडे वळून त्यांनी हुकूम दिला. "एक दाणाही नाही. वाळलेलं गवत, तेही आज. तिनं दोन काड्या जरी चघळल्या ना, तरी गाडी रुळावर येईल. उद्या सकाळी मी स्वतः येऊन बघते."

बाजारात गवतवाल्याची साप्ताहिक सुट्टी. शेजारच्या गल्लीत गवतवाला नावाचा प्राणी नाही. नियमकाकांना अचानक आठवलं: उद्यान खातं! मोठ्या बागेच्या शेडमागे कापलेल्या गवताचा ढीग कायम पडलेला असतो. त्या ढिगाला त्यांच्याएवढं कोण ओळखत होतं?

नवा हेडक्लार्क त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यांना बघताच खुर्ची सोडून उभा राहिला. "सर! बसा, बसा." सगळं ऐकून घेताना त्याचा चेहरा उतरत उतरत गेला. शेवटी त्यानं खणातून एक चोपडी काढली आणि अतिशय दुःखी आवाजात वाचली.

"नियम सतरा. उद्यानातील कापलेले गवत कोणत्याही खासगी इसमास अर्जाशिवाय देऊ नये. अर्ज तीन प्रतींत. स्थळपाहणी. निर्णय कामाच्या सात दिवसांत."

"हे काय खूळ आहे?" नियमकाका उसळले. "कुणी लिहिलंय हे?"

नव्या हेडक्लार्कनं चोपडी त्यांच्याकडे फिरवली. खाली सही होती. झोकदार, दोन टिंबांची. नियमकाकांना ती पाहून अभिमान वाटला आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं हे त्यांना या वयात कळत होतं.

"सर, तुम्हीच म्हणायचात, ओळखीच्या माणसाला तर मुळीच सूट नाही," तो बिचारा जवळजवळ रडकुंडीला आला होता. "सांगा, काय करू?"

"नियमाप्रमाणे कर," नियमकाका म्हणाले, आणि कोरे फॉर्म पुढे ओढले. तीन प्रती. तिसऱ्या प्रतीवर पत्ता लिहीत असताना नवा हेडक्लार्क एकदम थबकला.

"सर, हाच पत्ता मी कुठेतरी... थांबा." त्यानं कपाटातून धुळीनं माखलेली एक फाईल काढली. विषय: कॉलनीमागील खात्याच्या मोकळ्या जागेत माजलेले गवत काढणेबाबत. चार वर्षं प्रलंबित. वर नियमकाकांच्याच अक्षरात शेरा: "मनुष्यबळ उपलब्ध नाही. प्रतीक्षा करावी." आणि तक्रारदाराच्या नावापुढे काकूंची सही.

चार वर्षांपूर्वी ही तक्रार टेबलावर आली तेव्हा बायकोला झुकतं माप नको म्हणून त्यांनी ती मुद्दाम सगळ्यात खाली ठेवली होती. ठेवली ती राहिली. रोज सकाळी चहा पिताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा समोर दिसायची. कमरेएवढं गवत, उन्हानं वाळून कडकडीत झालेलं. पण त्यांच्या लेखी ते गवत नव्हतंच. ते प्रलंबित प्रकरण होतं. गवताच्या शोधात ते दवाखान्यातून निघाल्यापासून सगळं गाव पालथं घालत होते आणि काखेत कळसा होता.

"तक्रारीचं निवारण म्हणून आजच कापता येईल?" त्यांनी विचारलं.

"आजच, सर! फक्त मनुष्यबळ—"

"उपलब्ध आहे," नियमकाका म्हणाले आणि अंगातला कोट काढला.

त्या दुपारी कॉलनीनं जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. नियमकाका विळा घेऊन गवत कापतायत. शिक्षक शिट्टी वाजवून पेंढ्या बांधतायत. बेकरीवाला पिठाच्या टोपल्यांतून त्या वाहतोय. काकू प्रत्येक पेंढीतली तणं आणि परक्या पाल्याची पानं निवडून टाकतायत, भाजी निवडावी तशी. नियमकाकांच्या बोटाला दोनदा विळा लागला, अंगठ्यावर फोड आला, पाठ धरली. पण तेहतीस वर्षांत इतक्या तातडीनं निकाली निघालेलं प्रकरण त्यांच्या हातून हे पहिलंच.

बबडीनं गवत हुंगलं. एक काडी ओढली. ओठांत धरून तशीच ठेवली. सगळे श्वास रोखून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग काडी हळूहळू आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा कूस उतरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चौघंही जमली होती आणि बबडीच्या जबड्याकडे टक लावून बसली होती. एकदम तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. काकूंनी टाळ्या पिटल्या. शिक्षकांनी लांबलचक शिट्टी फुंकली. नियमकाकांना फार फार बरं वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ असूनही. मग आत जाऊन भिंतीवरचा तक्ता फाडला, दोन्ही प्रती.

पंधराव्या दिवशी अक्का काठी टेकत आल्या. बबडीनं त्यांना बघताच असा काही गोंधळ घातला की काठी पडता पडता राहिली. अक्कांनी तिच्या तोंडावरून, पाठीवरून, कुशीवरून हात फिरवला.

"बारीक झाली होय गं?"

आता खरं तर गप्प बसता आलं असतं. पण नियमकाकांच्या नावावर आधीच एक खोटी नोंद होती आणि तिनं त्यांना दोन रात्री झोपू दिलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. गहू, मका, पाव, भात, नळी, नियम सतरा, सगळं. बोलता बोलता ते सवयीनं उभे राहिले होते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, दाणा नको म्हणून?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही आपलं... भीड म्हणून म्हणालात."

"शेळीच्या बाबतीत कसली आलीय भीड!" अक्का म्हणाल्या. बबडीचा कान त्यांच्या हातात होता आणि तो त्या कुरवाळत होत्या. "आणि तुमच्या हाताला काय झालंय?"

"विळा," नियमकाका म्हणाले.

अक्कांनी त्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग बबडीचा कान सोडला. "बरं," एवढंच म्हणाल्या. पण ते बरं बावीस वर्षांत ऐकलेल्या कुठल्याही बऱ्यापेक्षा मऊ होतं.

काकू पदर खोचत उठल्या. "अक्का, जेवूनच जा. पानं घेते."

"नको गं," अक्का म्हणाल्या. "भूक नाही मला. काही करत बसू नकोस."

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. दारातून डोकावणारे व्यायामशिक्षक शिट्टी हातात धरून थांबले. बाहेर फक्त बबडीचा जबडा चालू होता. नियमकाकांच्या कपाळावर घाम आला. शब्दशः घ्यावं तर अर्धा कप. समजून घ्यावं तर नळी आणि सोडा. मग त्यांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत आणि पस्तीस वर्षांच्या संसारात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. सरळ विचारलं.

"अक्का, हे 'नको' बबडीचं म्हणायचं, की त्या वेळचं तुमचं?"

अक्का हसायला लागल्या ते थांबेचनात. गुडघा धरून हसल्या, डोळे पुसत हसल्या.

"माझं हो, भाऊजी, माझं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही. वाढा. आणि आज चहा पूर्ण कप द्या."